दमसास सरल्यावर

1968 मध्ये सॉनी रॉलिन्स नावाचा अमेरिकन सॅक्सोफोनवादक पवईच्या सांदीपनी साधनालयात येऊन राहिला. वय 37. टेनर सॅक्सोफोन म्हटला की जॅझच्या जगात तेव्हा दोन नावं आधी निघत, जॉन कोल्ट्रेन आणि हा. कोल्ट्रेन आदल्याच वर्षी जुलैत गेला होता. रॉलिन्सची अडचण साधी होती, आणि ध्यानाला बसून पाहिलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. डोळे मिटले की मन ठरत नाही. तिथल्या स्वामी चिन्मयानंदांपुढे त्याने ती मांडली. स्वामींनी सांगितलं, की तू वाजवतोस ना, तेच तुझं ध्यान. तुझा मार्ग कर्मयोगाचा. पुढची कित्येक दशकं रॉलिन्स ही गोष्ट मुलाखतींतून सांगत राहिला.

आमच्या पनवेलच्या गीताई वर्गात मी ही हकिकत सांगितली तेव्हा सगळ्यांना ती आवडली. कुणी म्हणालं, बघा, परदेशी माणसालाही पटलं. कुणी म्हणालं, काम हीच पूजा, आपण दुसरं काय म्हणतो? तेवढ्यावर विषय आटोपला आणि चहा आला. मला मात्र ते उत्तर इतकं सोपं वाटत नाही. वाजवणं हेच ध्यान असेल, तर वाजवणं बंद पडल्यावर त्या माणसाजवळ काय उरतं? ज्याची साधना बोटांत आणि श्वासात आहे, त्याची बोटं आखडली, श्वास आटला, की साधनाही गेली म्हणायची का? हा प्रश्न पुस्तकातून माझ्याकडे आलेला नाही, म्हणून तो सोडवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी पनवेलच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो आणि लग्नसराईत ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचो. कामोठे, तळोजे, खारघर, उलवे या गावांत आज टॉवर उभे आहेत. आम्ही हळदीला जायचो तेव्हा भातशेतं आणि खाडीचा वास होता. आगरी हळद म्हणजे रात्र सरेपर्यंत वाजवायचं. रीड तोंडात भिजवून भिजवून मऊ पडायची, पावसाळी हवेत पॅड चिकटायचे आणि ऐन रंगात एखादी चावी उघडायचीच नाही. रियाजाला घरी जागा नव्हती. दुरुस्तीला आलेल्या गाडीत काचा लावून मागच्या सीटवर बसायचो आणि लांब सूर धरायचो. नुसता एक सूर, दमसास संपेपर्यंत.

शिकवलं ते एका गोव्याच्या मास्तरांनी. त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन शिकवत. गोव्यातल्या अशा शाळांतून निघालेली पोरं मुंबईत आली, रात्री हॉटेलांत जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ त्यातलाच. 1916 चा जन्म, ट्रम्पेट हे वाद्य आणि नाव पडलं चिक चॉकलेट. आमच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्याच्या संगतीने सिनेमात स्विंग घेऊन आले. 1951 चा ‘अलबेला’ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मास्तर त्या पिढीचं बोट धरून शिकलेले. त्यांच्या मते चर्चमधलं वाजवणं आणि हॉटेलातलं वाजवणं यांत फरक एवढाच, की चर्चमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही. मी विचारलं, “मग मास्तर, देव कुठलं ऐकतो?” ते म्हणाले, “ज्यात तू खोटं वाजवत नाही ते.”

रॉलिन्स मला त्यांनीच ऐकवला. ‘सॅक्सोफोन कोलोसस’, 1956 मधली तबकडी, माझ्यापर्यंत कॅसेटवर आलेली. पहिलंच गाणं ‘सेंट थॉमस’. रॉलिन्सचे आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरून न्यूयॉर्कला आलेले. लहानपणी आईकडून ऐकलेली चाल त्याने इथे घेतली. आधी मॅक्स रोचचे ड्रम, मग चाल, आणि मग रॉलिन्स एकटा सुटतो. सुटतो म्हणजे काय करतो? दोन सूर घेतो. फक्त दोन. ते वाजवतो, थांबतो, पुन्हा तेच दोन, जरा उशिरा. पुन्हा थांबतो. आपल्याकडचा एखादा गवई जसा षड्ज-पंचम लावून जागा न्याहाळतो, तसा. मग त्या दोन सुरांतून हळूहळू सगळं घर उभं राहतं. मी तेव्हा हळदीत दाखवायला म्हणून भराभर सुरांच्या फैरी झाडायचो. हा माणूस काहीच दाखवत नव्हता. त्याला घाई नव्हती, आणि तरी तो आळशी नव्हता. ध्यान म्हणतात ते कानांनी ऐकू येतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पण त्या तबकडीमागचा माणूस काही शांत नव्हता. जन्म 7 सप्टेंबर 1930 चा, हार्लेममधला. विशीच्या आतच हेरॉइन लागलं. शस्त्र दाखवून लूट केल्याबद्दल 1950 मध्ये रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने काढले. 1955 मध्ये स्वतःहून लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात भरती झाला आणि व्यसन सोडलं. त्यानंतर शिकागोत झाडलोटीची कामं केली, कारण क्लबात गेलं की जुने सोबती भेटणार आणि पुन्हा तेच होणार. वर्षअखेर क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या ताफ्यात गेला. ब्राउन ट्रम्पेटवाला, निर्व्यसनी, सज्जन. जॅझ वाजवायला नशा लागत नाही हे रॉलिन्सला त्याच्याकडे पाहून पटलं. ‘सॅक्सोफोन कोलोसस’ मुद्रित झाली त्यानंतर चार दिवसांत, 26 जून 1956 ला, तो ब्राउन मोटार अपघातात गेला. वय अवघं 25.

मग 1959. नाव शिखरावर, आणि रॉलिन्स एकाएकी कार्यक्रम थांबवतो. लोक म्हणतात तितकं चांगलं मी वाजवत नाही, असं त्याचं म्हणणं. घरी रियाज करावा तर शेजारी गरोदर बाई, तिला त्रास नको. म्हणून तो विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊ लागला. खाली ईस्ट रिव्हर, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या, बोटींचे भोंगे. उन्हाळा असो की न्यूयॉर्कचा हिवाळा, कधी कधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास. ऐकणारं कुणी नाही, बिदागी नाही. 1961 च्या अखेरीपर्यंत हे चाललं. परत आल्यावर त्याने 1962 मध्ये तबकडी काढली, तिचं नाव ‘द ब्रिज’.

माझा पहिला अडथळा इथेच होता. ब्रिजवरची ही तपश्चर्या सगळ्यांना मोठी निष्काम वाटते. पण निष्काम कशी? त्याला तर फळ हवंच होतं; त्याला जास्त चांगला वादक व्हायचं होतं. आमच्या वर्गातल्या नानांनीही नेमकं यावरच बोट ठेवलं. नाना संस्कृतचे निवृत्त शिक्षक, शांकरभाष्य त्यांच्या जिभेवर. ते म्हणाले, “अहो, ज्याला उद्या आजच्यापेक्षा बरं व्हायचंय, तो फळाला चिकटलेलाच आहे. फक्त त्याचं फळ पैशाचं नाही, एवढंच.”

उत्तर मला विनोबांकडे मिळालं. विनोबा तर आमच्या शेजारचे. पेण तालुक्यातलं गागोदे, 1895 चा जन्म. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत दुसऱ्या अध्यायावर बोलताना ते एक गोष्ट फार ठासून सांगतात. फळ सोडलेल्या माणसाचं काम फळ मागणाऱ्यापेक्षा सरस झालं पाहिजे. कारण फळ मागणाऱ्याचं निम्मं चित्त फळाच्या विचारात जातं. सोडणाऱ्याचं सगळं कामात राहतं. म्हणजे काम सुधारण्याची ओढ हा फळाचा लोभ नाही, ती त्या त्यागाची खूण आहे. फळ मागणारा विचारतो, मला काय मिळेल? रॉलिन्स ब्रिजवर विचारत होता, हा सूर नीट का लागत नाही? प्रश्नांत ‘मी’ कुठे बसलाय ते पाहा. मला तरी यात फरक दिसतो, आणि तो बारीक नाही.

नानांचा दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ते म्हणतात, चिन्मयानंद वेदान्ती. तपोवन महाराजांचे शिष्य, 1951 च्या अखेरीस पुण्यात पहिला ज्ञानयज्ञ केला तेव्हापासून आयुष्यभर उपनिषदं सांगत फिरले. वेदान्त्याच्या लेखी कर्माने चित्त शुद्ध होतं, मुक्ती ज्ञानानेच. तेव्हा स्वामींनी त्या वादकाला जे सांगितलं ती पहिली पायरी होती. चंचल माणसाला आधी हाताशी काम द्यायचं, मन निवळलं की वर घ्यायचं. “पायरीवर बसून राहायचं नसतं,” नाना म्हणतात.

मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं ते बरंचसं याच मताविरुद्ध. 1915 मध्ये ते छापून आलं आणि महाराष्ट्र तेव्हापासून यावर भांडतोय. मी मेकॅनिक माणूस, त्या भांडणात निवाडा देण्याइतकं माझं वाचन नाही. पण एक गोष्ट मला वाद्याने शिकवली आहे आणि ती मी नानांपुढेही सोडत नाही. वाजवताना एक वेळ अशी येते की विचार चालू असला तर सूर चुकतो. रॉलिन्सही वारंवार सांगायचा की वाजवणं आणि विचार करणं एकाच वेळी होत नाही. 1958 मध्ये गुंथर शुलर या विद्वानाने त्याच्या एका वादनाची फार बारकाईने उकल केली, आतलं सूत्र दाखवलं, स्तुतीच केली. ती वाचून रॉलिन्स अवघडला. आपण नकळत करत होतो ते आता कळून करायची वेळ आली. विनोबा चौथ्या अध्यायात सांगतात की बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली, ज्याला ते विकर्म म्हणतात, की कर्माचा भारच उरत नाही. ते अकर्म होतं. करणारा करतो आणि केल्याचं ओझं त्याच्यावर येत नाही. ‘सेंट थॉमस’मधले ते दोन सूर मी असे ऐकतो. आता सांगा, करणाराच जिथे बाजूला झाला, त्या अवस्थेला खालची पायरी म्हणायची? मला ते पटत नाही.

तरी रॉलिन्सला सिद्धपुरुष करून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. स्वतःच्या तबकड्या तो ऐकू शकत नसे. ऐकल्या की चुका दिसत, जीव तळमळे. पवईहून गेल्यावरही ही तळमळ थांबली नाही. 1972 मध्ये तो पुन्हा तबकडी घेऊन आला, 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा इथेही वाजवून गेला, जगभर मानमरातब झाले, आणि असमाधान होतं तिथेच राहिलं. ज्याने फळ सोडलं, त्याला झालेल्या कामाची इतकी रुखरुख का? याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. मला वाटतं की वाजवताना तो मोकळा असे आणि वाजवून झालं की पुन्हा बांधला जाई. साधकाचं असंच असतं. ध्यानातून उठलेला माणूसही घरच्यांवर ओरडतोच.

11 सप्टेंबर 2001 ला तो न्यूयॉर्कमध्ये त्या जुळ्या मनोऱ्यांपासून काही चौकांवर राहत होता. इमारत रिकामी करायला लावली तेव्हा सॅक्सोफोन तेवढा घेऊन जिने उतरला. 15 तारखेला बोस्टनमध्ये कार्यक्रम ठरलेला. त्याला तो रद्द करायचा होता. बायको ल्युसिल म्हणाली, जायचं. गेला आणि वाजवलं. ते मुद्रण पुढे ‘विदाउट अ साँग’ या नावाने निघालं. शहर जळत असताना सॅक्सोफोन वाजवून काय होणार, असं कुणी विचारेल. अर्जुनालाही आपल्या कामाचा अर्थ दिसेनासा झाला होता. रॉलिन्सला घरातूनच कुणीतरी ऊठ म्हणणारं भेटलं.

आणि मग फुप्फुसं गेली. पल्मनरी फायब्रोसिस, फुप्फुसांचे पापुद्रे कडक होतात, श्वास भरतच नाही. 2012 नंतर तो मंचावर वाजवू शकला नाही, आणि पुढच्या दोनेक वर्षांत सॅक्सोफोन कायमचा खाली ठेवावा लागला. सात वर्षांचं पोर असल्यापासून जे वाद्य हातात होतं ते. स्वामींच्या उत्तराची खरी परीक्षा 1968 मध्ये पवईत झाली नाही, ती इथे झाली.

माझे पुढचे दात गेले. वरचे चार हलू लागले, मग काढावे लागले, कवळी बसली. सॅक्सोफोनचं माउथपीस वरच्या दातांवर टेकतं आणि खालचा ओठ रीडला धरतो. ती पकडच सगळा सूर घडवते. कवळीवर पकड बसेना. सूर फाटायचा, वर चढायचा नाही. बरेच दिवस झगडलो आणि वाद्य पेटीत घातलं. ज्याला हा अनुभव नाही त्याला वाटेल, एक छंद सुटला. मला जाणवायचं की संध्याकाळ होते आणि माझ्याकडे बसायला जागाच नाही. पोथी वाचायला घेतली की डोळे ओळीवरून जायचे, मन पेटीकडे.

त्या काळात उलव्याच्या बाजूला एका लग्नाला गेलो, वाजवायला नव्हे, पाहुणा म्हणून. तिथे धवलारीण आली होती. आमच्याकडे आगरी लग्नातले विधी धवलारीण गाऊन लावते. तिचे धवले हेच तिथले मंत्र. ही आजी माझ्या ओळखीची. पूर्वी तिच्या गाण्यानंतर आमचा बँड सुरू व्हायचा. आता तिचा आवाज पार बसला होता. विधी सगळे तिच्या डोळ्यांसमोर, तांदूळ तिच्या हातून, आणि गात होती तिची सून. आजी ओठ हलवत होती, अडलं तिथे बोटाने खुणावत होती. नंतर मी जवळ जाऊन म्हटलं, “आजी, आता तुझं गाणं ऐकू येत नाय गं.” ती म्हणाली, “बाला, गला गेला माजा. गाना नाय गेला.”

ऐकायला हे फार छान वाटतं आणि म्हणूनच मी त्यावर लगेच भाळलो नाही. तिच्यामागे सून होती, गाणं पुढे जात होतं. ज्याच्यामागे कुणी नाही त्याचं काय? ज्याचं वाजवणं त्या क्षणी सुचून त्या क्षणी संपणारं, जे दुसऱ्याच्या गळ्यात देता येत नाही, त्याचं काय? जॅझ तर तसंच आहे. रॉलिन्सचे ते दोन सूर दुसऱ्या कुणी वाजवले तर ती नक्कल होते.

इथे मला रॉलिन्सचं बोलणंच कामी आलं. वाद्य सुटल्यावर तो आधी फार खचला, असं त्यानेच सांगितलं आहे. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की रडण्यापेक्षा आयुष्यभर आपल्याला वाजवायला मिळालं याबद्दल ऋणी असावं. पुनर्जन्मावर त्याचा विश्वास. वाचन, चिंतन, योग, दुसऱ्याशी नीट वागणं, हे तो शेवटचा धडा म्हणून गिरवत राहिला. जो माणूस स्वतःची एकही तबकडी सुखाने ऐकू शकला नाही, तो वाजवणं गेल्यावर निवळला. मला यात फार मोठं काही दिसतं. ती रुखरुख वाद्याबरोबर पेटीत गेली आणि ध्यान बाहेर राहिलं.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली स्वकर्माला फुलं म्हणतात, त्या फुलांनी सर्वात्मक ईश्वराची पूजा करायची. मी ही ओवी लहानपणापासून ऐकली, पण तिचा एक अर्थ दात गेल्यावर उमगला. वाहिलेलं फूल आपण परत मागत नाही. रॉलिन्सने ब्रिजवर जे तास घालवले ते वाहून झाले होते. मी बसच्या मागच्या सीटवर जे लांब सूर धरले तेही. माझ्याकडून काही हिरावलं गेलं असं मला वाटायचं, याचा अर्थ मी ते अजून हातात धरून बसलो होतो.

नानांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “पण मग हे कर्म कुठे राहिलं? ऋण मानणं ही भक्ती झाली. तुमचा वादक बाराव्या अध्यायात पोचला म्हणा.” मी म्हटलं, “पोचू द्या की. तिथवर तो सॅक्सोफोनच्या वाटेनेच गेला, एवढं मान्य करता का?” नाना म्हणाले, वाट मान्य, पण वाट म्हणजे मुक्काम नव्हे. मी म्हणतो, ज्याने साठ-सत्तर वर्षं त्या वाटेवर एकेक पाऊल लक्ष देऊन टाकलं, त्याला मुक्काम वेगळा दाखवावा लागत नाही. आमचं अजून मिटलेलं नाही. पुढच्या वर्गाला मी ‘सेंट थॉमस’ मोबाइलवर घेऊन जाणार आहे. नानांनी ते अजून ऐकलेलं नाही.